पसारा भिंतीनुसार आवरा: ओल आणि बुरशी असलेल्या घरासाठी

प्रश्न: सातारा शहरातल्या जुन्या पेठेत आमचं कौलारू घर आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर अशा एकामागे एक तीन खोल्या, प्रत्येक साधारण १० बाय १२ फुटांची, वर पोटमाळा. पावसाळा लागला की उत्तरेची बोळाकडची आणि पश्चिमेची परसाकडची भिंत ओल धरते, पोपडे निघतात, कपाटामागे बुरशी येते. दक्षिणेची भिंत शेजाऱ्यांशी सामायिक आहे, ती कोरडी असते. सासूबाईंच्या वेळेपासूनचं सामान भरपूर आहे. काय ठेवायचं, काय टाकायचं, सुरुवात कुठून करायची? आत्ता जुलैत आवरायला घेतलं तर चालेल का?

उत्तर: जुलैत सगळं घर उपसायला बसू नका. आत्ता फक्त तातडीचं करायचं. खरी आवराआवर ऑक्टोबरच्या उन्हात आणि बांधून ठेवायचं ते एप्रिल-मेमध्ये. दुसरं म्हणजे, ओल धरणाऱ्या घरात पसारा वस्तूंच्या प्रकारानुसार आवरून उपयोग नाही, तो भिंतीनुसार आवरावा लागतो.

हल्ली सर्रास सल्ला दिला जातो की घरातले सगळे कपडे पलंगावर ढीग करा आणि एकेक उचलून ठरवा. कोरड्या घरात ही रीत चालते. माण-खटावात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तिथे बिनधास्त करा. साताऱ्यात तो १००० च्या आसपास, आणि महाबळेश्वरला तर साडेपाच-सहा हजार. अशा हवेत ढीग केला की ट्रंकेतल्या दोन साड्यांवरची बुरशी झटकली जाऊन चांगल्या कपड्यांवर बसते, दिवसभर उघडं पडलेलं सामान हवेतली ओल पितं, आणि संध्याकाळी दमून सगळं होतं तिथेच परत कोंबलं जातं, सकाळपेक्षा जास्त दमट होऊन. मग पंधरा दिवसांनी 'आवरलं तरी वास येतोच' अशी तक्रार.

भिंतीनुसार म्हणजे काय? एका वेळी एकच भिंत घ्यायची. तिला टेकलेलं, तिच्यावर टांगलेलं, तिच्यालगत जमिनीवर असलेलं सगळं बाजूला काढायचं, भिंत उघडी करून बघायची, आणि त्या भिंतीला परत काही टेकवायचंच नाही असं धरून चालायचं. सामान कमी करण्याचं माप मग आपोआप मिळतं. घरात कोरडी भिंत जितके फूट आहे, तितकंच सामान घरात मावतं.

तुमच्या घराचा हिशेब करून बघू. दक्षिणेची कोरडी भिंत तीन खोल्यांत मिळून ३६ फूट. त्यातून स्वयंपाकाचा ओटा ८ आणि माळ्याचा जिना ४ वजा केले की २४ उरले. खोल्यांमधल्या दोन आडव्या भिंतींच्या चार बाजू, प्रत्येकी १० म्हणजे ४० फूट. दारांचे १४ वजा, आणि उत्तरेच्या भिंतीला मिळणाऱ्या कोपऱ्यातले प्रत्येकी दीड फूट, म्हणजे ६ वजा, कारण ओल कोपरा वळून पुढे येते. राहिले २०. एकूण ४४. झोपायचा पलंग ६, देव्हारा ३, टीव्ही ५ काढले की सामानाला ३० फूट. आता अशा घरात नेहमी सापडणारी यादी मांडा: दोन लोखंडी कपाटं ६ फूट, लाकडी कपाट ४, शोकेस ५, तीन ट्रंका ९, फ्रिज अडीच, धान्याच्या दोन कोठ्या ४, प्लायचा वॉर्डरोब ६, मोडून उभा केलेला जुना पलंग ६, शिलाई मशीन ३, पुस्तकांचं मांडणं ४. बेरीज साडेएकोणपन्नास. म्हणजे साडेएकोणीस फूट सामान आज ओल्या भिंतीला टेकून आहे. प्लायचा वॉर्डरोब, मोडका पलंग आणि शोकेस गेली की १७ फूट सुटतात. एक ट्रंक दुसरीवर चढवली की आणखी ३. बसलं.

तुमच्या सामानाचे आकडे वेगळे असतील, पण कागद-पेन्सिल आणि टेप घेऊन हा हिशेब आधी करा. त्यात एक सोयही आहे. सासूबाईंना 'हे टाकू का?' विचारलं की उत्तर 'नको' असंच येणार, आणि वाद होणार. त्याऐवजी 'कोरड्या भिंतीला एवढीच जागा आहे, त्यात कुठलं आधी ठेवू?' असं विचारा. क्रम त्यांनाच लावू द्या. आपली ट्रंक बुरशीतून वाचणार आहे हे कळलं की शोकेसचा आग्रह बहुतेक वेळा सुटतो.

आत्ता पावसात काय करायचं

पहिलं, जमीन मोकळी करा. फरशीवर थेट ठेवलेलं प्रत्येक पोतं, गाठोडं, खोका, चटईची गुंडाळी विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर किमान १० सेंटिमीटर उचला. दुसरं, उत्तर आणि पश्चिम भिंतीजवळचं प्रत्येक कपाट पुढे ओढा. चार बोटं फट पुरत नाही, चांगली वीतभर तरी हवी. कपाटामागे हवा फिरत नाही म्हणून तिथली भिंत खोलीपेक्षा थंड राहते, आणि थंड पृष्ठभागाला लागून हवेतला दमटपणा आधी वाढतो. बुरशी कपाटामागे का आली याचं उत्तर एवढंच आहे. तिसरं, उघड उघड बुरशी लागलेलं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून मगच घरातून बाहेर न्या. उघडं नेलं तर वाटेतल्या तिन्ही खोल्यांत तिचं बी पेरलं जातं. हे करताना पंखा बंद, तोंडाला एन-९५ मास्क (ओढणी किंवा साधा कापडी मास्क नाही), हातात रबरी मोजे. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर त्यांना तेवढा वेळ शेजारी पाठवा.

खिडक्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे. 'हवा खेळती ठेवा' हे बरोबर, पण कधी? बाहेर भुरभुर चालू आहे, हवा २३ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के. ही हवा आत येऊन २६ अंशांना गरम झाली तरी तिची आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात राहते. आत आधीच ७५ टक्के असेल तर खिडकी उघडून तुम्ही ओल आत बोलावली. बुरशी ७० टक्क्यांच्या वर जोमाने वाढते, ६० च्या खाली तिचं फारसं चालत नाही. म्हणून तीन-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि माजघरात, जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा. पाऊस आणि धुकं असताना दारं-खिडक्या लावून घ्या. उघडीप पडून ऊन आलं की साधारण ११ ते ४ समोरासमोरची दारं उघडा. स्वयंपाकाची आणि न्हाणीतली वाफ मात्र कुठल्याही हवेत बाहेरच गेली पाहिजे, त्यासाठी एक्झॉस्ट पंखा. एक किलो गॅस जळला की जवळपास दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, तेव्हा नुसतं भाताच्या कुकरला दोष देऊ नका. बादलीभर पिळलेले कपडे आतल्या दोरीवर सुकवले की दोन लिटरच्या आसपास पाणी घरातच राहतं. पडवीत सुकवा, नाहीतर एकाच खोलीत, दार बंद करून, पंखा लावून, आणि त्या खोलीत कपाट नको.

निखाऱ्यांची शेगडी ठेवून खोली 'शेकणं' बंद करा. बंद खोलीत कोळशाचा धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर भिंतीच्या रंगावर नको, डीह्युमिडिफायरवर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणाऱ्या मशीनवर करा. दिवसाला १०-१२ लिटर क्षमतेचं मशीन दोनेकशे वॅट वीज घेतं, आठ तास चाललं तर दीड-दोन युनिट. ते एका खोलीत, दारं-खिडक्या लावूनच चालवायचं. खिडकी उघडी ठेवून चालवणं म्हणजे अख्ख्या पेठेची हवा सुकवत बसणं. कौलांच्या फटीतून हवा येत असेल तर मशीनचा निम्मा जोर वाया जातो, म्हणून ते माळा असलेल्या खोलीत ठेवा.

ओल येते कुठून

हे कळल्याशिवाय कोरडी भिंत कुठली ते ठरत नाही. छपराची गळती वरून खाली येते आणि पाऊस थांबला की दोन दिवसांत डाग फिका होतो. जमिनीची ओल खालून वर चढते, साधारण तीन फुटांपर्यंत, आणि वरच्या कडेला पांढरा, हाताला लागणारा क्षार, म्हणजे लोणा, सोडते. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस वाऱ्याने झोडपतो, तिथे ओल मधल्या भागात ठिपक्याठिपक्यांनी दिसते. आणि चौथी ओल भिंतीतून येतच नाही, खोलीतल्या दमट हवेची असते. ती कोपऱ्यात, कपाटामागे, फोटोंच्या फ्रेमखाली काळ्या ठिपक्यांनी उमटते.

शेवटच्या दोन्हींत घोटाळा होतो, त्याची सोपी परीक्षा आहे. भिंतीचा एक फूट चौरस भाग फडक्याने कोरडा करा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी पक्की चिकटपट्टी लावून बसवा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर दोष हवेचा, सामान हलवून आणि वाफ बाहेर काढून प्रश्न बराचसा सुटेल. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ती भिंत ओली आहे, तिथून सामान कायमचं हलवा. प्रत्येक संशयित भिंतीवर गुडघ्याच्या आणि खांद्याच्या उंचीवर अशा दोन चौकटी लावा. खालची ओली, वरची कोरडी निघाली तर जमिनीची ओल.

तुमच्या बोळाकडच्या भिंतीचं कारण बहुधा बोळातच आहे. तिथे ऊन पोचत नाही, आणि पागोळ्या जमिनीवर आपटून पाणी भिंतीवर उडतं. बोळातली माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या वर आलेली असते. ती जोत्याखाली किमान वीतभर खोल काढून उतार भिंतीपासून दूर द्या, पन्हळ लावा, भिंतीला टेकलेल्या कुंड्या आणि सरपण हलवा. हजार-दोन हजारांचं हे काम पन्नास हजारांच्या वॉटरप्रूफिंगपेक्षा जास्त उपयोगी पडतं. कौलं मात्र मे महिन्यातच चाळून घ्यायची. पावसात निसरड्या कौलांवर माणूस चढवू नका.

जुन्या दगड-मातीच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा ही साताऱ्याच्या पेठांमधली सगळ्यात महाग चूक. भिंतीतलं पाणी आधी पृष्ठभागावरून उडून जायचं, सिमेंटने ती वाट बंद केली की ते आणखी वर चढतं. तीन फुटांवरचा लोणा पाच फुटांवर जातो. ऑइलपेंटने हेच होतं, फक्त आधी फुगे येतात. ओल्या पट्ट्यातला सिमेंटचा गिलावा लोण्याच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत फोडून काढा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा, आणि चुना-वाळूचा एकास तीन गिलावा करा. त्यावर चुन्याची सफेदी. चुनकळी एक किलोला साधारण पाच लिटर पाणी, विरवून एक दिवस ठेवायची, गाळायची, आणि पातळ तीन हात द्यायचे. विरवताना चुना उकळतो, म्हणून लोखंडी घमेलं आणि डोळ्यांना चष्मा. सफेदीत डिंक किंवा खळ घालायचा मोह टाळा, बुरशीला तेवढंच खाणं पुरतं. ताज्या चुन्यावर बुरशी टिकत नाही.

बुरशी पुसताना

कोरड्या झाडूने किंवा पॉलिशपेपरने कधीच घासू नका. आधी पाण्याचा हलका फवारा, मग ओल्या फडक्याने पुसणं, फडकं दर वेळी डिटर्जंटच्या पाण्यात बुडवून. फरशी, टाइल्स, काच, स्टील यांवर ब्लीच चालतं: चार लिटर पाण्यात पाव लिटरपेक्षा जास्त नाही, दहा मिनिटं ठेवून धुवा. गिलावा आणि लाकडावर ब्लीचचा फारसा उपयोग नाही. रंग उडतो, पाणी आत मुरतं आणि मुळं तशीच राहतात. तिथे टाकणखार (बोरॅक्स) वापरा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून लावा आणि पुसून टाकू नका, राहिलेला थर पुढची वाढ रोखतो. मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर मात्र नको.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया मिसळलं की विषारी वायू निघतो. एकापाठोपाठ एक लावलं तरी तोच धोका. व्हिनेगर शहाबादी फरशीवर नको, तो चुनखडीचा दगड आहे, आम्लाने खरबरीत होतो. सफेदीवरही नको, त्याच कारणाने.

काय वाचतं, काय जातं

पितळ, तांबं, स्टील, काच, चिनीमातीच्या बरण्या: धुवा, पुसा, ठेवा. यांच्यावर विचार करण्यात वेळ घालवू नका. ओल्या भिंतीजवळ ठेवायला घरात याच वस्तू चालतात.

प्लाय किंवा भुशाच्या बोर्डाचं फर्निचर फुगलं, पापुद्रे सुटले की ते गेलं. पुसून, रंगवून परत येत नाही. त्याचे तुकडे बंबात जाळू नका, गोंदाचा धूर वाईट असतो. सागवान आणि शिसवी वाचतात. टाकणखाराने पुसून सावलीत वाऱ्यावर सुकवा, उन्हात ठेवलं तर तडकतात. वरून जवसाचं कच्चं तेल किंवा खोबरेल चोळायची सवय असते, ती सोडा. तेल हे बुरशीचं अन्न आहे. लाखेचं पॉलिश करा, आणि कपाटाच्या पाठीमागची न दिसणारी बाजूही सोडू नका, ओल तिथूनच शिरते.

कापसाची गादी, उशा, सावरीच्या कापसाचे लोड: आत वास बसला असेल तर टाका. पिंजून घेतलं की बुरशी सगळ्या कापसात सारखी पसरते, आणि पिंजणाऱ्याच्या छातीतही. स्पंजची गादीही जाते. वाकळ वाचते, कारण ती धुता येते. गरम पाण्यात भिजवून, ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी दोन दिवस. घोंगडीला ऊन कमी, वारा जास्त. तिला बुरशीपेक्षा कसर (लोकर खाणारी कीड) लवकर लागते.

इरकल, पैठणी आणि जरीच्या साड्यांना मऊ ब्रश, सावली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेली पांढरी मलमल. घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडा. सुती कपड्यांवरचे काळे ठिपके बहुधा जात नाहीत. कापड मजबूत असेल तर फडक्यांना वापरा. बोहारणीला बुरशीचे कपडे देऊ नका, तिच्या गाठोड्यातले सगळे खराब होतात.

भिंतीवरचे फोटो ओलीने काचेला चिकटले असतील तर ओढून काढू नका, चेहरा काचेवर राहतो. काचेवरूनच आधी स्कॅन किंवा नीट फोटो घ्या. पुन्हा टांगताना आतल्या भिंतीवर, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बाटलीच्या बुचाच्या जाडीचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा जाते.

कागदपत्रांवर थोडा जास्त वेळ द्या. चालू सातबाऱ्याच्या नकलांचे गठ्ठे जपायची आता गरज नाही, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर मिळतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र यांच्या मूळ प्रती मात्र जिवापाड जपा. त्यांची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, ती काढून दुसऱ्या घरी ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका. आतली ओल कायमची बंद होते, शाई पसरते आणि परत सोडवता येत नाही. ओलसर कागद पानापानांत टिपकागद किंवा साधा पांढरा कागद घालून, पंख्याच्या वाऱ्यात आडवे सुकवा. वर्तमानपत्राची शाई उतरते. इस्त्री नको. गठ्ठा खूप ओला असेल आणि आज वेळ नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी मरत नाही, पण थांबते, आणि तुम्हाला महिनाभर मिळतो.

पुस्तकांत निवड कठोर करा. पानांना केसाळ बुरशी, बांधणी सुटलेली आणि बाजारात किंवा ग्रंथालयात मिळणारं पुस्तक असेल तर ते एका कपाटातल्या दोनशे पुस्तकांसाठी धोका आहे, जाऊ द्या. आजोबांच्या हातची वही असेल तर बाहेर, सावलीत, मऊ ब्रशने, पान तिरकं धरून झटका.

स्वयंपाकघरात ज्वारी-तांदळाच्या कोठ्या माजघरात, आतल्या भिंतीला आणा. शेंगदाण्यांना हिरवट-काळी बुरशी दिसली किंवा खवट-कडू लागले तर निवडून, भाजून वापरू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजल्याने जात नाही आणि ते यकृताचं नुकसान करतं. गुरांनाही घालू नका.

डबे, गोळ्या, पुड्या

झाकणाचे प्लॅस्टिक डबे चांगले, पण पावसाळ्यात भरायचे नाहीत. जुलैत डबा बंद केला तर जुलैची ओल आत बंद होते. एप्रिल-मेमध्ये, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, कपडे दिवसभर कोरड्या वाऱ्यावर ठेवून मग भरा. पन्नास लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेल, कापडी पिशवीत. रंग बदलणारं घ्या, पण निळं नको, त्यात कोबाल्ट असतं. केशरी घ्या, ते ओल पिऊन हिरवं होतं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवलं की परत कामाला येतं. बाजारातल्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या बंद कपाटात चांगलं काम करतात, पण खाली खारं पाणी साठतं. ते सांडलं तर लोखंड गंजतं आणि जरी काळी पडते, म्हणून डबी तळाच्या कप्प्यात, थाळीत ठेवा.

डांबरगोळ्या कसरीसाठी आहेत, बुरशीवर त्यांचा काही उपयोग नाही, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या मुळीच नकोत. कापूर, कडुलिंबाचा पाला, लवंग यांनी वास झाकला जातो, तेवढंच. कोळसाही मुख्यतः वासच ओढतो. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती आता चालत नाही. एलईडी गरम होत नाही, आणि जुना पिवळा बल्ब कपड्यांजवळ आग लावू शकतो.

लोखंडी कपाट दोन तृतीयांशच भरा. फळ्यांवर अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद काढून टाका, तो ओल धरतो. मेणकापडही काढा, त्याच्या खालची फळी सुकत नाही. माळ्यावर पत्रा किंवा कौलांखाली कापूस, कागद, चामडं काही नको. तिथे भांडी, लोखंडी सामान आणि धुतलेल्या सुपा-टोपल्या एवढंच.

सांगलीत, कृष्णाकाठच्या गावभाग-खणभागासारख्या वस्तीत राहणाऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांचा हिशेब थोडा वेगळा. तिथे पाऊस साताऱ्याहून कमी, पण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर अनेक घरांच्या भिंतींनी पाहिले आहेत. पुराच्या पाण्यात भिजलेली गादी, प्लाय, धान्य यांवर विचार करत बसू नका. ते पाणी गटाराचं असतं आणि बुरशी २४ ते ४८ तासांत धरते. वीटकाम एका बाजूने सुकायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. ऑगस्टमध्ये पूर आला तर पुढच्या मेच्या आधी रंग नाही, आणि दिवाळीला नवीन वॉर्डरोब तर नाहीच. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की खालच्या कप्प्यातलं वर न्यायचं, ४५ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. कागदपत्रांची पिशवी तर जूनपासून वरच्या मजल्यावरच असावी.

तुमच्याकडे परत येऊ. ऑक्टोबरात पहिला शनिवार-रविवार फक्त पश्चिमेच्या भिंतीला द्या, पुढचा आठवडा उत्तरेच्या, एका वेळी एक खोली. फॉइल परत लावा. ऑक्टोबरच्या उन्हातही भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाऊस नाही, दुसरंच पाणी आहे. शेजाऱ्यांची न्हाणी, बोळातली नगरपालिकेची जुनी जोडणी, किंवा तुमच्याच ओट्याखालचा पाइप. पाण्याचं मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून रात्री आकडा लिहून ठेवा, सकाळी बघा. पुढे सरकला असेल तर गवंड्याच्या आधी प्लंबर बोलवा.